चिलखत कुणाच्या मापाचं?

मागच्या मे महिन्यात घरी मालवणला गेलो होतो. किल्ल्यावर जायला जेटीवर होडीच्या रांगेत उभा होतो. बंदोबस्ताला एक पोलीस ताई होत्या. साध्या टी-शर्टात माझ्या घामाच्या धारा लागलेल्या. मनात आलं, याच उन्हात यांना बुलेटप्रूफ जॅकेट घालावं लागलं तर? २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते, त्यामुळे हा प्रश्न अगदीच हवेतला नाही.

समोरचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये बांधला. त्याआधी, १० नोव्हेंबर १६५९ ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटताना महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं. लोखंडी कड्यांचं चिलखत जड खरं, पण कड्यांमधून वारा जातो आणि ते अंगाबरोबर वळतं.

आता थेट १९६५, अमेरिका. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या केमिस्ट बाईंच्या हाती एक नवा धागा लागला. वजनास वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत! तोच केव्लार. १९७० च्या दशकात त्याच्या थरांची हलकी जॅकेटं पोलिसांच्या अंगावर आली. म्हणजे धागा शोधला बाईने, पण जॅकेट बेतलं पुरुषाच्या छातीवर.

सपाट पॅनल बाईच्या अंगावर नीट बसत नाही. काखेशी फट राहते आणि खाली बसलं की जॅकेट गळ्याशी येतं. आकारासाठी घडी किंवा शिवण घातली, तर तिथे गोळी अडते का हे वेगळं तपासावं लागतं. बायकांच्या जॅकेटसाठी ही चाचणी सुधारणारं अमेरिकन मानक आलं २०२३ मध्ये. केव्लारनंतर ५८ वर्षांनी!

त्यात आपला उकाडा. केव्लार भिजलं की गोळी अडवण्याची ताकद घटते, म्हणून ते पाणी न शिरणाऱ्या कव्हरात बंद करतात. पाणी बंद, तसा वाराही बंद. मालवणच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हलकं 'भाभा कवच' बनवलंय, हे चांगलंच आहे. पण नुसतं वजन उतरवून भागणार नाही, माप आणि हवाही बघावी लागेल. आम्ही सॉफ्टवेअरवाले क्वचित येणाऱ्या युजरला 'एज केस' म्हणतो आणि त्याचं काम पुढे ढकलतो. ड्युटीवरच्या ताई एज केस नाहीत. आणि उकाड्याने काढून खुर्चीवर टाकलेलं जॅकेट कुणालाच वाचवत नाही.

भेटू पुढच्या भागात!