कोमेस रेरूम प्रिव्हातारूम

उत्तरकालीन रोमन साम्राज्यात सम्राटाच्या खाजगी जमिनी व त्यांचे उत्पन्न सांभाळणारा मंत्री. या मालमत्तेस ‘रेस प्रिव्हाता’ म्हणत. सेप्टिमियस सिव्हिरसने (कार. १९३–२११) यादवीतील विरोधकांच्या जमिनी जप्त केल्यावर हे खाते विस्तारले. डायोक्लीशनच्या काळी खात्याच्या प्रमुखास ‘मागिस्तर’ म्हणत. चौथ्या शतकात ‘कोमेस’ ही पदवी रूढ झाली. टांकसाळी, खाणी व रोख कर पाहणारा ‘कोमेस साक्रारूम लार्गितिओनूम’ हा निराळा मंत्री होता.

खंडवसुली, जमिनींचे पट्टे, सम्राटाने दिलेली इनामे आणि बेवारस व जप्त मालमत्ता ताब्यात घेणे, ही कोमेसची मुख्य कामे. प्रांतोप्रांती त्याच्या हाताखाली ‘रात्सिओनालिस’ व ‘प्रोकुरातोर’ हे अधिकारी असत. मोठे पट्टेदार जमीन घेऊन ती ‘कोलोनी’ या कुळांकडून कसवीत. पडीक जमीन लागवडीखाली यावी म्हणून ‘एम्फित्यूसिस’ हा दीर्घ मुदतीचा वा वंशपरंपरागत पट्टा देत. उत्तर आफ्रिका व कॅपाडोशिया येथे सम्राटाच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. कॅपाडोशियातील अश्वपैदास विशेष प्रसिद्ध होती.

मंदिरे व नगरे यांच्या जमिनीही या खात्याकडे आल्या. जूलियनने (कार. ३६१–३६३) त्या परत केल्या, व्हॅलेंटिनियन व व्हॅलेन्स यांनी पुन्हा घेतल्या. तथापि तटबंदी व इमारतींच्या दुरुस्तीसाठी उत्पन्नाचा तिसरा हिस्सा पुढे नगरांना मिळू लागला. अनास्टेशियसच्या काळी (४९१–५१८) ‘कोमेस साक्री पात्रिमोनी’ हे स्वतंत्र पद निर्माण होऊन या खात्याचा व्याप घटला.