मरणाऱ्याच्या उशाशी बसण्याचा अधिकार कोणाचा?

१/ जानेवारी १३४९. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील बाथ आणि वेल्स या धर्मप्रांताचे बिशप राल्फ ऑफ श्रूजबरी यांनी आपल्या धर्मगुरूंना एक पत्र धाडले. प्लेगने गावे ओस पडत होती. मरणाऱ्यांजवळ जाणारे पाद्रीही मरत होते, आणि उरलेल्यांपैकी अनेक जण रोग्याच्या घरात पाऊल टाकायला धजत नव्हते.

२/ त्या काळच्या ख्रिस्ती माणसासाठी हे संकट केवळ देहाचे नव्हते. पापांची कबुली न देता प्राण गेला तर पुढे काय, ही खरी धास्ती होती. बिशपने मार्ग काढला: पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्याने कोणाही सामान्य माणसापुढे कबुली द्यावी. पुरुष जवळ नसेल, तर स्त्रीपुढेही! ऐकणाऱ्याने ते गुप्त राखावे, अशी ताकीदही होती. ही मुभा नाइलाजाने दिलेली होती, औदार्याने नव्हे. तरीही शेजारीण, बहीण, दाई यांच्यापैकी कोणीही आता त्या उशाशी अधिकाराने बसू शकत होती.

३/ पुढे सुमारे १४१५ मध्ये 'आर्स मोरिएन्दी', म्हणजे 'मरण्याची कला', ही लॅटिन पुस्तिका आली. लेखक अज्ञात. ती प्लेगमधूनच जन्मली असे सर्रास सांगितले जाते, पण मधली सहा-साडेसहा दशके पाहता इतका सरळ धागा जोडणे घाईचे ठरेल. मात्र प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि पाद्र्यावाचून येणारे मरणही अनोळखी राहिले नाही.

४/ या पुस्तिकेत पाद्र्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे ते मित्राला. त्याने मरणाऱ्याला ठरावीक प्रश्न विचारायचे, प्रार्थना वाचून दाखवायच्या आणि अश्रद्धा, निराशा, अधीरता, अहंकार व लोभ या पाच मोहांतून त्याला सावरायचे. १४५० च्या सुमारास निघालेल्या संक्षिप्त आवृत्तीत ११ काष्ठचित्रे होती: खाटेभोवती सैतान आणि देवदूत यांची झटापट. निरक्षरालाही ती उमगत.

५/ सर्वांत विलक्षण सूचना वेगळीच आहे. 'तू बरा होशील' अशी खोटी आशा मरणाऱ्याला दाखवू नये. बायकामुले आणि मालमत्ता यांची आठवणही विनाकारण काढू नये. पहिली सूचना आजही पटते. दुसरी निर्दय वाटते.

६/ 'डूला' हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बाळंतिणीच्या सोबतिणीसाठी रूढ झाला. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधील समाजसेवक हेन्री फर्स्को-वाइस यांनी हीच कल्पना मरणशय्येपाशी नेली. हे सोबती औषध देत नाहीत, पापमुक्तीही देत नाहीत. मरणाऱ्याला काय सांगायचे राहिले आहे ते विचारतात, पत्रे लिहून घेतात आणि अखेरचे दिवस आले की पाळीपाळीने रात्रभर जागतात.