मुंबई वेळ आणि आजचा फोन

सकाळीं कांजूरमार्गच्या फलाटावर उभें राहिलें, कीं एक तक्रार हटकून कानीं पडते: रात्रीं फोन अपडेट झाला आणि नेहमींचीं चिन्हें जागेवर राहिलीं नाहींत. तरुण मंडळी हंसतात. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास मात्र आपल्याच स्वयंपाकघरांतले डबे परक्यानें हलविल्यासारखें वाटतें.

परंतु ही कुरकुर मुंबईस नवी नाहीं. १९०६ सालीं सरकारनें देशास एकच प्रमाणवेळ लागू केली, तेव्हां मुंबईचें घड्याळ ३९ मिनिटें पुढें जाणार होतें. गिरणीकामगारास त्याचा अर्थ सूर्याच्या मानानें तितक्याच लवकर कामावर जाणें असा होता. शहरानें विरोध केला, महापालिकेनें जुनी ‘मुंबई वेळ’च राखली. आगगाड्या एका वेळेनें आणि शहर दुसऱ्या वेळेनें, हा प्रकार ४० वर्षांहून अधिक चालला.

२०१३ च्या सप्टेंबरांत ॲपल कंपनीनें आयओएस ७ ही प्रणाली आणली, तेव्हां पडद्यावरील हालचालीनें कित्येकांस भोवळ आली. तक्रारी झाल्या, आणि ऑक्टोबरांत कंपनीनें ती हालचाल कमी करण्याची सोय वाढविली.

घड्याळास मुंबईनें नकार दिला. फोनला तसा देतां येत नाहीं, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटांतून येतात. म्हणूनच तक्रार करणाऱ्यास हटवादी म्हणूं नये. नकाराचा मार्ग उरला नसेल, तर तक्रार हाच त्याचा एकमेव अधिकार होय.