शेमाची कुळकथा

यहुदी धर्मातील एकेश्वराची ग्वाही म्हणजे शेमा. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ती येते, आणि ही वचने हातावर बांधावीत, दारांच्या चौकटींवर लिहावीत, अशी आज्ञाही तिथेच असल्यामुळे चामड्याच्या चिंचोळ्या पट्ट्यांवर बारीक अक्षरांत शेमा लिहिण्याची रीत पडली. प्रार्थनेच्या वेळी दंडावर व कपाळावर बांधायच्या डब्यांना तेफिलीन, तर चौकटीवर ठोकायच्या नळीला मेझुझा म्हणतात.

या रीतीचा फार जुना पुरावा मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे मिळाला. 1947 मध्ये एका बदाऊन मेंढपाळाला तेथील गुहेत रांजणांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या आणि 1956 पर्यंत अकरा गुहांतून सुमारे 900 हस्तलिखितांचे अवशेष हाती आले, ज्यांत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतचे लेखन असून तेफिलीनमधील पट्ट्याही आहेत. त्यांतली बहुतेक हस्तलिखिते चामड्यावरची असूनही ती दोन हजार वर्षे टिकली, याचे मोठे श्रेय तेथील कोरड्या हवेला जाते.

पावसाळी महाराष्ट्रात मात्र जुने लेखन टिकले ते बहुधा दगडावर. भुसावळच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, त्याच सुमाराचा ब्राह्मी लेख दर्शनी भागाच्या दानाची नोंद करतो आणि दात्याचे नाव वासिठीपुत कटहादि असे देतो. तो वाचता येतो, कारण तो कातळात कोरलेला आहे. दरवर्षी मोसमी पाऊस झेलणाऱ्या या मुलखात भूर्जपत्र किंवा ताडपत्र नव्याने उतरवून घेतले नाही, तर त्यावरचा मजकूर शतकानुशतके टिकणे दुरापास्त असते.

पण वचन लेखनाशिवायही टिकू शकते. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्राने गिळले. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. हिब्रू विद्येशी संबंध तुटलेला असतानाही सुंतेपासून विवाहापर्यंतच्या विधींत ते शेमा म्हणत राहिले. पुढे 1796 मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी सभास्थान उभारले, 1832 मध्ये जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण आले आणि 1846 मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मुंबईत छापली गेली.

कुमरानच्या पट्ट्या कोरड्या हवेत, त्यांना कोणी हात न लावल्यामुळे टिकल्या. कोकणातला शेमा मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ओठांवर राहिल्यामुळे टिकला. म्हणूनच धर्मवचनांच्या इतिहासात गुहांइतकाच आदर त्या तेली घरांनाही मिळाला पाहिजे.