क्रेनच्या मागच्या वाघिणी

साल १९५१, फेब्रुवारी. पहाटेचे पावणेतीन वाजलेत आणि खालून कुणीतरी लांब काठीने तुमच्या खिडकीची काच ठोकतंय. शेडचा पोऱ्या आहे. "ब्रेकडाउन!" एवढंच ओरडून तो पुढच्या घराकडे पळतो. तुम्ही इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका इंजिन शेडमध्ये फिटर आहात. दिवसा ब्रेकचे ठोकळे बदलायचे आणि रात्री-बेरात्री असं बोलावणं आलं, की क्रेनबरोबर निघायचं. तुम्ही अंधारातच बूट चढवता.

यार्डात गाडी जोडून तयार आहे. पुढे इंजिन, मधे वाफेची ४५ टनी क्रेन. क्रेनच्या मागच्या अंगाला उभा बॉयलर आहे. तो वाफ तर देतोच, शिवाय भुजेचा तोल सांभाळायला त्याचं वजनही उपयोगी पडतं. वाफ धरायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही यायच्या आधीच कुणीतरी त्यात आग पेटवली आहे. क्रेनची लांब भुजा आडवी झुकवून शेजारच्या सपाट वाघिणीवर टेकवली आहे, पण घट्ट बांधलेली नाही. वळणावर क्रेन एकीकडे वळते नि वाघीण दुसरीकडे, म्हणून भुजेच्या टोकाला टेकणीवर थोडं सरकायला जागा ठेवतात. ही मोकळीक नसती, तर पहिल्याच वळणावर वाघीण रुळावरून उतरली असती.

तुम्ही मागच्या डब्यात चढता. कधीकाळी हा प्रवाशांचा डबा होता. आता त्यातली बाकं काढून मधे शेगडी बसवली आहे, छतातून धुराडं वर गेलंय आणि तव्यावर बेकन तडतडतंय. पुढचे आठ तास काम चालेल की अठरा, कुणालाच ठाऊक नाही. मुकादम पहिल्यांदा चहाचं विचारतो, अपघाताचं नंतर. "मालगाडीचं इंजिन. पुढची चाकं खाली," तो सांगतो. या डब्याच्या पलीकडच्या डब्यात हत्यारं आहेत: जॅक, साखळ्या, तारदोर, पहारी, चाक पुन्हा रुळावर चढवायचे लोखंडी उतार. आणि सगळ्यात जास्त जागा अडवली आहे लाकडाने. ओंडके, फळ्या, पाचरी, जुने स्लीपर. तुम्ही नवे असाल, तर एवढी मोठी क्रेन असताना हे लाकूड कशाला, असं तुमच्या मनात येईल.

उजाडताना तुम्ही जागेवर पोहोचता. रुळांवरून उतरलेलं इंजिन कलून उभं आहे. त्याचं वजन टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची मागची गाडी, सोडून ७२ टन आणि तुमची क्रेन ४५ टनी. त्या ४५ टनांतही एक मेख आहे. भुजा जवळजवळ उभी असेल, तेव्हाच तेवढं वजन उचलतं. भुजा जसजशी लांब झुकेल, तसतशी ताकद घटत जाते. म्हणून क्रेन जमेल तितकी इंजिनाजवळ न्यायची आणि अख्खं इंजिन न उचलता फक्त पुढचं टोक उचलायचं.

पण क्रेन सहजासहजी जवळ येत नाही. तिच्या दोन्ही टोकांना आणखी दोन छोट्या चारचाकी बोग्या जोडलेल्या आहेत. क्रेन एवढी जड, की तिचा सगळा भार तिच्याच चाकांवर पडला तर कित्येक पूल आणि रूळ तो सोसू शकणार नाहीत. म्हणून प्रवासात काही भार या बोग्या वाहतात. ही युक्ती इप्सविचच्या रॅन्सम्स अँड रॅपियर कारखान्यातल्या विल्फ्रेड स्टोक्स या इंजिनिअरची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली स्टोक्स मॉर्टर त्याचीच. तिथे सैनिकांना उचलून नेता येईल अशी तोफ बनवायची होती, इथे भरभक्कम क्रेन हलक्या पुलावरून न्यायची होती. वजनाचं कोडं दोन्हीकडे होतंच.

तुम्ही हाताने स्क्रू फिरवून बोग्यांवरचा भार काढता, त्या सोडवता आणि ढकलून बाजूला करता. आता क्रेन आखूड झाली. तिच्या पोटातून आडवे गर्डर बाहेर ओढायचे, त्यांच्या टोकांखाली जॅक लावायचे. आता ते लाकूड कशाला आणलं, ते कळतं. रुळांशेजारची जमीन भिजलेली आहे. जॅक नुसता ठेवला, तर तो जमिनीत रुतेल, क्रेन कलंडेल आणि अपघात दुप्पट होईल. म्हणून चारही बाजूंना ओंडक्यांची चळत रचायची, एक थर उभा, एक आडवा, पाचरी ठोकून घट्ट. हे करण्यातच सकाळ निम्मी सरते. मुकादम प्रत्येक चळतीवर बुटाची टाच मारून बघतो आणि एक पुन्हा रचायला लावतो.

मग भुजा वर येते. दुशिंगी आकड्याला साखळ्या अडकतात. मुकादम एकटाच हाताने इशारे देतो, बाकी सगळे गप्प. इशारा देणारा एकच असावा हा नियम आहे. इंजिनाचं टोक हळूच वर येतं, बाजूला सरकतं, चाकं रुळांवर बसतात. उचलण्याला वीस मिनिटं लागली असतील. तयारीला चार तास लागले.

आता पुढच्या वर्षात या, ८ ऑक्टोबर १९५२. लंडनजवळचं हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशन. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी स्कॉटलंडमधल्या पर्थहून येणारी एक्सप्रेस स्टेशनात उभ्या लोकलवर मागून आदळली आणि त्या ढिगाऱ्यात लंडनच्या युस्टन स्टेशनहून निघालेली दुसरी एक्सप्रेस घुसली. ११२ माणसं दगावली. तुम्ही पोहोचता तेव्हा अजून कुणी भुजा उचललेली नाही. डब्यांवर डबे चढलेत आणि आत माणसं जिवंत आहेत. चुकीच्या जागी एक ओढ दिली, तर वरचा डबा खालच्यावर बसेल. म्हणून आधी हातांनी, करवतींनी, जॅकने, इंचाइंचाने. क्रेनची खरी पाळी नंतर येते. इथे तिचा मुकादम ओळखला जातो तो काय उचललं यावरून कमी, कधी थांबला यावरून जास्त. या अपघातानंतर ब्रिटिश रेल्वेने चालकाला आपोआप इशारा देणारी यंत्रणा बसवायचा वेग वाढवला.

आणखी काही वर्षं पुढे, १९५० च्या दशकाचा शेवट. तुम्ही दहा वर्षांचे आहात, घर लिव्हरपूलमध्ये. शहरातल्याच बिन्स रोडच्या मेकॅनो या खेळण्यांच्या कारखान्यात हॉर्नबी-डब्लो या खेळण्यातल्या रेल्वेची नवी ब्रेकडाउन क्रेन तयार होते आणि ती तुमच्या पुढ्यात आहे, लालभडक. छोटं चाक फिरवलं, की आकडा खाली येतो, दुसरं फिरवलं, की भुजा उठते. एका फुटाचे चार मिलिमीटर, म्हणजे १:७६ हे प्रमाण. रुळांमधलं अंतर मात्र १६.५ मिलिमीटर. खऱ्या रुळांच्या मापाने ते जवळजवळ १९ असायला हवं. क्रेन खऱ्यासारखी, वाट अरुंद. तुम्ही मुद्दाम डबा पाडता आणि उचलता. दोन मिनिटांत खेळ संपतो. ओंडके रचायला कुणी सांगितलेलं नाही. शेगडीचा डबाही खोक्यात नाही.

म्हणून थोडं मोठं व्हा. आज मॉडेल रेल्वेच्या छंदात पडलेली माणसं क्रेनपाशी थांबत नाहीत. जुन्या प्रवासी डब्याचं मॉडेल घेऊन त्याच्या काही खिडक्या बंद करतात, छताला धुराडं लावतात, बाजूला पायऱ्या. सपाट वाघिणीवर काड्यापेटीच्या काड्यांचे ओंडके रचतात, सुताच्या साखळ्या टाकतात. तीव्र वळणावर भुजेचं टोक वाघिणीबाहेर लटकतं, तेव्हा टेकणीला सरकायची जागा द्यायला शिकतात. मिडलँड्सच्या त्या शेडमध्ये जे ज्ञान होतं, ते असं टेबलावर परत येतं.

खऱ्या वाफेच्या क्रेन आता कामावर नाहीत. १९७० च्या दशकात दुर्बिणीसारखी लांब-आखूड होणारी भुजा आली. विजेच्या तारांखाली तीच सोयीची होती. मग रस्त्यावरच्या मोठ्या क्रेनही अपघाताच्या जागी धावू लागल्या. ब्रिटनच्या वारसा रेल्वेंवर काही जुन्या क्रेन अजून बघायला मिळतात. बघायला गेलात, तर भुजेखाली उभं राहून फोटो जरूर काढा. मग मागे चालत जा. जोडीचे डबे आहेत का ते बघा, लाकूड आहे का, शेगडी आहे का. नसतील, तर समोर उभी आहे ती क्रेन खरी, पण काही उचलण्याची तिची ऐपत त्या डब्यांबरोबरच गेली आहे. आणि छंदाचं दुकान गाठलंत, दुकानदाराने कौतुकाने क्रेनचं खोकं पुढे केलं, तर आधी विचारा, "वाघिणी कुठे आहेत?"