संचाच्या वर्तुळापासून लॉजिक गेटपर्यंत

आपल्यापैकी बहुतेकांनी संचाचा धडा शाळेतच गिरवला. फळ्यावर एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं. एकात क्रिकेट खेळणारी मुलं, दुसऱ्यात कबड्डी खेळणारी आणि मधल्या भागात दोन्ही खेळणारी. संयोग, छेद, पूरक संच. गुण मिळवून देणारा धडा म्हणून तो लक्षात राहिला आणि परीक्षा संपल्यावर विसरलाही. पुढं आपल्यातले काही जण आयटीआयला गेले, काही पॉलिटेक्निकला, काहींनी बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. तिथं डिजिटल लॉजिक नावाचा विषय समोर आला. अँड, ऑर, नॉट. नावं नवी, चिन्हं नवी आणि पुस्तक इंग्रजी. महाळुंग्यासारख्या गावातून मराठी माध्यमात शिकून गेलेल्या मुलाला हा विषय परका वाटणं साहजिकच होतं. खरं तर तो परका नव्हता. आपल्याच फळ्यावरची ती दोन वर्तुळं वेश बदलून तिथं बसली होती. ती तिथवर कशी पोचली, हा इतिहास आपल्या गुरुजनांसमोर आणि वर्गमित्रांसमोर मांडावा म्हणून हा लेख.

या इतिहासाची सुरुवात एका शाळामास्तरापासून होते. जॉर्ज बूल १८१५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन गावात जन्मला. वडील जोडे शिवायचे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे बूलला विद्यापीठाची पायरी चढता आली नाही. सोळाव्या वर्षी तो एका शाळेत मदतनीस शिक्षक झाला आणि एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गणिताची पुस्तकं एकट्यानं वाचायची, असा त्याचा क्रम होता. पदवी नसतानाही १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या नव्या कॉलेजात तो गणिताचा पहिला प्राध्यापक झाला. १८५४ मध्ये त्याचं ‘लॉज ऑफ थॉट’ हे प्रसिद्ध पुस्तक आलं. माणूस तर्क करतो त्याचे नियम बीजगणितासारखे मांडता येतील, हा त्याचा मूळ विचार.

तो विचार आपल्या संचाच्या भाषेत सोपा आहे. कबड्डी खेळणाऱ्या मुलांतून पुन्हा कबड्डी खेळणारीच मुलं निवडली, तर तीच मुलं उरतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या संख्यांमध्ये हे फक्त दोनच संख्यांना लागू पडतं, शून्याला आणि एकाला. शून्य म्हणजे रिक्त संच, एक म्हणजे विश्वसंच. आज प्रत्येक मोबाइलच्या पोटात जे शून्य आणि एक धावतात, त्यांचं गणित या साध्या निरीक्षणापाशी येऊन थांबतं.

बूलचा मित्र आणि पाठीराखा होता ऑगस्टस डी मॉर्गन. हा लंडनमधला प्राध्यापक, पण जन्म १८०६ चा, आपल्याकडच्या मदुराईचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. मूल काही महिन्यांचं असतानाच कुटुंब इंग्लंडला परतलं. डिजिटल लॉजिकच्या पहिल्या काही तासांतच डी मॉर्गनचे दोन नियम फळ्यावर येतात आणि मुलं ते घोकतात. घोकायची काहीच गरज नाही. चहा करायला दूध आणि साखर दोन्ही लागतात. ‘दोन्ही आहेत’ हे खोटं असेल, तर त्याचा अर्थ दूध नाही किंवा साखर नाही. ‘आणि’चा नकार केला की ‘किंवा’ होतो आणि आतल्या प्रत्येक गोष्टीचाही नकार होतो. हा झाला पहिला नियम. दुसरा त्याचाच उलटा. हे आपल्या आजीलाही कळत होतं, फक्त तिनं ते चिन्हांत लिहिलं नव्हतं.

योगायोग असा, की बूलचं पुस्तक निघालं त्याच १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकी शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करणं हा त्याचा हेतू होता. त्यातूनच पुढं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे सीओईपी, उभं राहिलं. तेव्हा रस्ते, पूल आणि कालवे यांचं गणित उपयोगाचं होतं. बूलच्या बीजगणिताचा कशाला उपयोग होईल, हे पुण्यातच काय, लंडनमध्येही कुणी सांगू शकलं नसतं. ते जवळजवळ ऐंशी वर्षं तर्कशास्त्राच्या वर्गातच राहिलं.

तिथून त्याला बाहेर काढलं क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं. कॉलेजात असताना त्यानं तर्कशास्त्राच्या वर्गात बूल वाचला होता. पुढं एमआयटीत त्याला एक मोठं गणिती यंत्र सांभाळायचं काम मिळालं. त्या यंत्राचं नियंत्रण विजेवर उघडझाप करणाऱ्या रिलेंच्या जाळ्यातून व्हायचं. ते जाळं बघताना त्याला जुना धडा आठवला. दोन बटणं एकापुढं एक, म्हणजे एकसरीत जोडली, तर दोन्ही दाबल्यावरच दिवा लागतो. हे झालं ‘आणि’. तीच बटणं समांतर जोडली, तर कुठलंही एक दाबलं तरी दिवा लागतो. हे झालं ‘किंवा’. १९३७ च्या प्रबंधात त्यानं दाखवलं, की बटणांचं कितीही गुंतागुंतीचं जाळं बूलच्या बीजगणितानं लिहिता येतं, सोडवता येतं आणि लहान करता येतं. जपानमध्ये नाकाशिमा आणि रशियात शेस्ताकोव्ह हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच वाटेनं निघाले होते.

आपल्या बोर्डाच्या बारावीच्या गणितात तर्कशास्त्राचं प्रकरण असतं. त्याच्या शेवटी बटणं आणि दिवा यांच्या आकृत्या येतात. शॅननचं काम ते हेच. बारावीची मुलं ते चार-पाच गुणांसाठी सोडवतात. त्या आकृतीत विसाव्या शतकातला एक मोठा विचार दडला आहे, हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं तर तेच गणित वेगळं दिसू लागेल.

भारतात या विचाराचं पहिलं देशी बनावटीचं यंत्र उभं राहिलं ते आपल्या मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या गटानं १९५६ मध्ये एक छोटा प्रायोगिक संगणक तयार केला. पूर्ण आकाराचा संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह, १७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. प्रत्यक्ष संगणक हाताळलेली माणसं तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकीच होती. वाचून, काढून, जोडून, बिघडलेलं शोधून त्यांनी ते यंत्र उभं केलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत आजही शिकायचं असतं ते हेच.

पुढं व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले आणि १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ७४०० मालिका बाजारात आली. आपल्या पिढीची या विषयाशी गाठ पडली ती या काळ्या, चौदा पायांच्या झुरळासारख्या आयसीतून. ७४०० मध्ये चार नँड गेट असतात. सात नंबरच्या पायाला ग्राउंड, चौदाला पाच व्होल्ट. नँड म्हणजे ‘आणि’चा नकार. या एकाच गेटपासून बाकीची सगळी गेट करता येतात, म्हणून त्याला सार्वत्रिक गेट म्हणतात.

पहिली प्रॅक्टिकल तशी सोपी असायची. ट्रेनर किटवर बटणं वर-खाली करायची, एलईडी लागतो का बघायचं आणि सत्यता सारणी जर्नलमध्ये उतरवायची. खरी मजा हाफ अ‍ॅडरपासून. दोन अंकांची बेरीज करणारं हे सर्किट. शून्य अधिक एक बरोबर एक, इथवर ठीक. एक अधिक एक केलं, की खाली शून्य आणि हातचा एक. दुसरीत बाईंनी शिकवलेला हातचा तो हाच, इंग्रजी पुस्तकात त्याला कॅरी म्हणतात. बेरजेच्या अंकासाठी एक्स-ऑर गेट लागतं. दोघांपैकी नेमकं एकच चालू असेल तेव्हाच त्याचं उत्तर एक येतं. जिन्यातला दिवा खालून लावून वरून बंद करता येतो, त्यामागचा तर्क अगदी हाच. चार नँड जोडून एक एक्स-ऑर होतं, म्हणजे एक ७४०० पूर्ण संपली. आणि हातचा काढायला पाचवं नँड लागतं. त्या एका गेटसाठी दुसरी आयसी घ्यावी लागते. कमी गेटमध्ये काम भागवणं म्हणजे काय, हे पुस्तकातल्या पानांपेक्षा या एका गेटनं जास्त पटतं.

हातानं जोडताना आणखीही बरंच कळतं. ७४०० च्या सवयीनं ७४०२ जोडली तर सर्किट चालत नाही, कारण तिच्यात पहिला पाय इनपुट नसून आउटपुट असतो. ७४९० या काउंटरच्या आयसीला वीज पाचव्या पायाला आणि ग्राउंड दहाव्या पायाला लागतं. इनपुट मोकळं सोडलं तर ते शून्य धरलं जाईल असं वाटतं, पण या आयसी त्याला एक समजतात. पुस्तकात शून्य आणि एक असे स्वच्छ दोनच अंक असतात. बाकावर मात्र ०.८ व्होल्टच्या खाली शून्य, २ व्होल्टच्या वर एक आणि मधला भाग भरवशाचा नाही. स्वच्छ तर्क मळक्या जगात कसा टिकवायचा, हे शिकणं म्हणजे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स.

त्यानंतर फ्लिप-फ्लॉप. दोन नँड गेट घ्यायची आणि प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं. आता बटण सोडल्यावरही दिव्याची स्थिती तशीच राहते. सर्किटला आठवण राहू लागते. व्हॉल्व्हच्या काळात, १९१८ मध्ये, एक्लिस आणि जॉर्डन या दोघांनी हे पहिल्यांदा केलं. अशी चार फ्लिप-फ्लॉप ओळीनं लावली की काउंटर होतो, ते शून्यापासून पंधरापर्यंत मोजतं. त्यापुढं आकडा दाखवणारा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. बाकावर तो आकडा आपोआप शून्य, एक, दोन असा पुढं सरकायला लागला, की आजूबाजूच्या बाकांवरची मुलंही उठून बघायला यायची. सुटे भाग आणायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली होतीच. तिथला दुकानदार आयसीचा नंबर ऐकून, मान वर न करता, नेमक्या खणात हात घालायचा.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आपलं गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीत क्रीडासंकुल झालं, नदीपलीकडं हिंजवडीचं आयटी पार्क वाढलं आणि ३० जून २०२१ रोजी महाळुंगे पुणे महापालिकेत गेलं. शेतांच्या जागी इमारती आल्या. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही इथून दूर नाही. आपल्या शाळेतल्या मुलांच्या चहूबाजूंना आता शून्य आणि एक यांच्यावर चालणारा धंदा आहे. पण बहुतेक मुलांची या जगाशी ओळख फक्त पडद्याच्या बाहेरून होते. कॉलेजांतही सर्किट संगणकाच्या पडद्यावरच जोडून बघायची पद्धत वाढली आहे. त्यात गैर काही नाही, मोठ्या चिपा आता तशाच आखल्या जातात. पण पडद्यावरची वायर कधी सैल होत नाही आणि तिथं चुकीच्या पायाला लावलेली आयसी बोटाला चटकाही देत नाही. सगळं बरोबर असूनही दिवा का लागत नाही, हे धीरानं शोधायची सवय बाकावरच लागते. ज्या मुलाच्या घरी इंजिनिअर नाही, त्याला ‘हे मलाही उघडून बघता येतं’ हा विश्वास दुसरीकडं कुठं मिळणार?

म्हणून मेळाव्याच्या निमित्तानं एक सूचना. आपल्या बॅचनं शाळेला एक पेटी द्यावी. त्यात दहा ब्रेडबोर्ड, काही ७४०० आयसी, एलईडी, रेझिस्टर, बटणं आणि हुकअप वायर. वीजपुरवठ्याला घरोघरी पडलेले जुने यूएसबी मोबाइल चार्जर चालतील. ते नेमके पाच व्होल्ट देतात आणि ७४०० ला हवे असतात तेही पाचच. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. संचाचा धडा झाला, की त्याच आठवड्यात मुलांनी छेदाचं सर्किट जोडावं, मग संयोगाचं, मग जिन्यातल्या दिव्याचं. आपल्यातले जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी वर्षातून दोन शनिवार द्यावेत.

आणि सर, बाई, एक गोष्ट तुमच्यासाठी. बूलनं आयुष्याची उमेदीची वर्षं छोट्या गावातल्या शाळेत मुलांना शिकवण्यात घालवली. फळ्यावर जे मांडलं जातं त्याचा उपयोग कधी, कुठं आणि कुणाच्या हातून होईल, हे मांडणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही काढलेल्या त्या दोन वर्तुळांवर आमच्यातल्या कितीतरी जणांची घरं आज उभी आहेत. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.