प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप : मर्यादित खर्चात काय पाहावे, काय टाळावे

संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठी शुल्काखालोखाल मोठा खर्च बहुधा लॅपटॉपचा असतो. हे यंत्र तीन-चार वर्षे पुरावे लागते. त्यामुळे जाहिरातीत ठळक छापलेल्या प्रोसेसरच्या नावापेक्षा रॅम, स्टोरेज आणि ती पुढे वाढवता येण्याची सोय यांना अधिक महत्त्व द्यावे.

रॅम : कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि डेटाबेस एकाच वेळी सुरू राहतात, म्हणून पहिला ताण रॅमवर येतो. पायथन, सी किंवा जावा यांच्या प्राथमिक अभ्यासाला ८ जीबी पुरते. अँड्रॉइड स्टुडिओसाठी मात्र ८ जीबी ही केवळ किमान अट आहे. एम्युलेटरही चालवायचा असल्यास १६ जीबी हवी. मदरबोर्डवर सोल्डर केलेली रॅम नंतर बदलता येत नाही. त्यामुळे वेगवान प्रोसेसर पण कायमची ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपपेक्षा मोकळा स्लॉट असलेला साधा लॅपटॉप अधिक काळ उपयोगी पडतो.

स्टोरेज : एसएसडी आवश्यक असून ५१२ जीबी क्षमता सोयीची ठरते. स्वस्त लॅपटॉपमधील ईएमएमसी स्टोरेज मंद असते आणि ते बहुधा बदलता येत नाही.

प्रोसेसर : 'आय५-१२३५यू' या नावातील १२ हा आकडा पिढी दर्शवतो. जुन्या पिढीचा आय५ नव्या पिढीच्या आय३पेक्षा मंद असू शकतो. एएमडीच्या रायझन ७०००च्या लॅपटॉप मालिकेत तिसरा अंक पाहावा : ७५२०यू जुन्या 'झेन २' रचनेवर, तर ७५३०यू 'झेन ३'वर आधारित आहे. वेब किंवा डेटाबेसच्या कामाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डची गरज नसते. मशीन लर्निंगचा प्रारंभिक अभ्यास गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून करता येतो. आयफोनसाठी ॲप तयार करायचे असल्यास मात्र मॅक लागतो, कारण एक्सकोड केवळ मॅकओएसवर चालते.

नूतनीकृत लॅपटॉप : खर्च कमी करण्याचा हा व्यवहार्य मार्ग आहे. थिंकपॅड टी, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारख्या कार्यालयीन वापराच्या मालिका टिकाऊ मानल्या जातात. मात्र विंडोज १०चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११साठी टीपीएम २.० तसेच इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे यंत्र घ्यायचे असल्यास त्यावर लिनक्स वापरण्याची तयारी ठेवावी. लिनक्स विनामूल्य असून प्रोग्रॅमिंगसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

खरेदीपूर्वी : विक्रेत्याकडून मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्यावा आणि रॅम वाढवता येते का, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून पडताळावे. नूतनीकृत यंत्राच्या बॅटरीची मूळ व सध्याची क्षमता पाहावी. बायोसला पासवर्ड किंवा पूर्वीच्या कंपनीचे नियंत्रण शिल्लक नाही ना, याची खात्री करावी. अनुक्रमांकासह पक्के बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी.